प्रस्तावनेपाशी अडलेला अहवाल

वाचकांचे प्रश्न : लेखन आणि संपादन

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे अहवाललेखनाविषयी आहेत. कथा-कविता लिहिणाऱ्यांची लेखणी अडते हे सर्वांना ठाऊक असते आणि त्याचे थोडे कौतुकही होते. पण ज्यांना लेखक होण्याची मुळीच हौस नाही, केवळ कामाचा भाग म्हणून दहा पाने लिहून द्यायची आहेत, त्यांची लेखणी अडली तर त्याकडे कोणी लक्ष देत नाही. या वेळी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. पण उरलेल्या पत्रांतले अर्धेअधिक प्रश्न त्यातच आले असल्यामुळे मी ते कापलेले नाही.

प्रश्न : मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात कनिष्ठ अभियंता आहे. आमचा पाण्याचा मुख्य पंप सहा महिन्यांत चार वेळा बंद पडला आणि त्याची कारणे शोधून अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले. तीन आठवडे मी लॉगबुके चाळली, फिटर आणि ऑपरेटर यांच्याशी बोलले, मोजमापे घेतली. दर वेळी बेअरिंग खराब झाले म्हणून ते बदलले गेले. पण मोटर आणि पंप एका रेषेत आहेत की नाहीत, म्हणजेच त्यांचे अलाइनमेंट एकदाही तपासले गेले नाही, आणि पायाचे दोन बोल्टही सैल होते. हे सारे माझ्या वहीत नोंदवलेले आहे. तरीही गेले बारा दिवस 'प्रस्तावना' हा शब्द लिहून त्याखाली एक ओळही टिकत नाही. एक वाक्य लिहिते आणि खोडते. ज्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली ती बेअरिंगे बदलली गेली, तेच माझा अहवाल सर्वांत आधी वाचणार आहेत, हेही सांगायला हवे. मला लिहिताच येत नाही असे आता वाटू लागले आहे. काय करावे? (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : आपल्याला लिहिता येत नाही हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा आपण स्वतःच पाठवला आहे. आपल्या पत्रातले 'दर वेळी बेअरिंग खराब झाले म्हणून ते बदलले गेले' येथपासून 'बोल्टही सैल होते' येथपर्यंतची दोन वाक्ये पुन्हा एकदा वाचा. पंपातले मला काहीही कळत नाही, तरी आपल्या कारखान्यात काय घडले ते मला त्या दोन वाक्यांत कळले. बारा दिवस जो अहवाल लिहून होत नाही, त्याचा गाभा आपण मला तीन ओळींत लिहून धाडला आहे.

हे पत्रात जमले आणि अहवालात जमत नाही, याचे कारण साधे आहे. पत्र लिहिताना समोर एक माणूस होता, त्याला काहीच ठाऊक नाही हे आपण गृहीत धरले होते आणि त्याला समजावे एवढाच हेतू होता. 'प्रस्तावना' या शब्दाखाली मात्र समोर कोणीच नसते. तेथे माणूस कोणाला तरी सांगण्याऐवजी अहवालासारखे दिसेल असे काहीतरी लिहू पाहतो. आपण खोडलेल्या वाक्यांपैकी निदान एक तरी 'आजच्या औद्योगिक युगात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण असून' अशा वळणाचे असणार, असा माझा अंदाज आहे. अशी वाक्ये मी इतकी कापली आहेत की ती आता लांबूनच ओळखू येतात. ते आपण खोडले हे उत्तम केले. आपली पारख शाबूत आहे. चुकले ते एवढेच, की प्रस्तावना छापताना आधी येते म्हणून ती आधी लिहायची असते, असे आपण धरून चाललात. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहावी, कारण तिने कशाची ओळख करून द्यायची ते तोवर अस्तित्वातच नसते.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. आपण ती पत्राच्या शेवटी, 'हेही सांगायला हवे' असे म्हणत, जवळजवळ चालता चालता सांगितली आहे. पण माझ्या मते बारा दिवसांचा खोळंबा तिच्यामुळेच झाला आहे. आपल्याला शब्द सुचत नाहीत असे नाही. एक विशिष्ट वाक्य सुचले आहे आणि ते लिहायची भीती वाटते. त्या वाक्यापर्यंत पोहोचावे लागू नये म्हणून मन पहिल्याच पायरीवर बसून राहते. अहवाल अडलेल्या लोकांशी बोलताना हे मला वारंवार दिसले आहे : निम्म्या वेळा त्यांना काय म्हणायचे ते ठरलेले नसते, आणि उरलेल्या वेळा ते इतके नेमके ठरलेले असते की लेखणी त्याला वळसा घालत राहते.

यावरचा उपाय ते वाक्य गुळमुळीत करणे हा नाही. ते अधिक काटेकोर करणे हा आहे. 'अलाइनमेंट एकदाही तपासले गेले नाही' असे आपण लिहिता. हे आपल्याला कशावरून कळले? लॉगबुकात तशी नोंद नाही यावरून, की फिटरने तसे सांगितले यावरून? केवळ नोंद नसेल, तर आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट एवढीच आहे : 'चारही दुरुस्त्यांच्या नोंदींत अलाइनमेंट तपासल्याचा उल्लेख नाही.' ही दोन वाक्ये एक नव्हेत. तपासणी झाली असेल आणि नोंद राहून गेली असेल, हे शक्य आहे. पहिले वाक्य एका माणसावर ठपका ठेवते आणि तो खोटा ठरू शकतो. दुसरे वाक्य कोणावरही ठपका ठेवत नाही, कोणालाही लॉगबुक उघडून पडताळता येते, आणि म्हणूनच ते अधिक भक्कम आहे. बोल्टांचेही तसेच. सैल बोल्टांमुळे मोटर सरकून अलाइनमेंट बिघडते. पण बिघडलेल्या अलाइनमेंटमुळे कंपने वाढतात आणि कंपनांमुळेही बोल्ट सैल होतात. आधी काय घडले हे आपल्या नोंदी सांगत नसतील, तर 'यांपैकी आधी काय झाले हे उपलब्ध नोंदींवरून ठरवता येत नाही' असे सरळ लिहा. असे वाक्य लिहिल्याने अहवाल दुबळा होत नाही. उलट उरलेल्या वाक्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

त्यासाठी तीन वेगळे कागद घ्या. पहिल्यावर फक्त पाहिलेले आणि मोजलेले लिहा : तारखा, मोजमापे, कोणी काय सांगितले. दुसऱ्यावर त्यावरून आपण काय अनुमान काढता ते. तिसऱ्यावर काय करावे असे आपल्याला वाटते ते. अहवाल दुर्बोध होतो तो बहुतेक वेळा अवघड शब्दांमुळे नव्हे, तर या तीन कागदांवरचा मजकूर एकाच वाक्यात कालवला गेल्यामुळे. आणि कागद वेगळे झाले की भीतीही पुष्कळ कमी होते, कारण पहिल्या कागदावर भिण्यासारखे काहीच नसते. सुरुवात तेथूनच करा.

ते लिहायला बसताना घड्याळ लावून पंचवीस मिनिटे ठरवा आणि त्या वेळात काहीही खोडू नका. न थांबता, न खोडता लिहिण्याचा हा सराव पीटर एल्बो या अमेरिकी अध्यापकाने १९७०च्या दशकात लोकप्रिय केला. त्यामागचा विचार असा, की लिहिणारा आणि तपासणारा अशी आपल्यातली दोन माणसे एकाच वेळी कामाला लागली की दुसरा पहिल्याला बोलूच देत नाही. तपासणाऱ्याची पाळी येणारच आहे, त्याला तोवर बाहेर बसवा. मजकूर वेडावाकडा आला तरी चालेल, कारण तो कच्चा खर्डा आहे आणि तो आपल्याखेरीज कोणी पाहणार नाही. वेळ संपली की पुढचे वाक्य डोक्यात तयार असतानाच उठा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापाशी बसावे लागत नाही.

हे सारे झाल्यावर अहवालाचा पहिला परिच्छेद साधारण असा होईल :

'मुख्य पंप सहा महिन्यांत चार वेळा बंद पडला. चारही वेळा बेअरिंग खराब झालेले आढळले आणि ते बदलले गेले. मोटर आणि पंप एका रेषेत नसल्यामुळे बेअरिंगवर सतत जादा भार येत असावा, असा या तपासणीचा निष्कर्ष आहे. पायाचे बोल्ट घट्ट करून अलाइनमेंट दुरुस्त करावे, आणि यापुढे बेअरिंग बदलल्यावर प्रत्येक वेळी अलाइनमेंट तपासून त्याची नोंद ठेवावी, अशी शिफारस आहे.'

यातले 'असावा' मी मुद्दाम ठेवले आहे. आपण अलाइनमेंट मोजले असेल आणि ते पंप बनवणाऱ्यांनी दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर मोजलेला आकडा आणि मर्यादेचा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि 'असावा'चे 'आहे' करायचे की नाही ते त्या आकड्यांवरून ठरवा. शिफारशीत कोणाचेही नाव नाही हेही पाहा. मागे कोणी काय केले नाही यापेक्षा पुढे काय करायचे याबद्दल ती बोलते.

एक शेवटची सूचना, जी लेखनाची नाही. अहवाल सादर करण्याआधी त्या वरिष्ठांना भेटा, पहिला कागद दाखवा आणि यात काही चुकले आहे का, काही राहिले आहे का, असे विचारा. कदाचित ते म्हणतील की तपासणी केली होती, नोंद राहिली. मग तेही अहवालात येईल. लेखी मजकुरात स्वतःविषयी काही अचानक वाचावे लागणे कोणालाच रुचत नाही. तेच आधी समोर बसून ऐकले तर माणूस बहुधा समजून घेतो. नाही घेतले, तरी पहिल्या कागदावरचा मजकूर आपल्या बाजूने उभा राहील.

प्रश्न : निष्कर्ष आधी सांगावा असे आपण नेहमी लिहिता. आमच्याकडे पद्धत अशी, की आधी पार्श्वभूमी, मग कार्यपद्धती, मग निरीक्षणे आणि शेवटी निष्कर्ष. तोंडावरच निष्कर्ष सांगणे उद्धटपणाचे वाटते, आणि वाचणारा पुढचे वाचणारच नाही अशी भीतीही असते. सारांश किती लांब असावा?

उत्तर : वाचणारा पुढचे वाचणार नाही, ही भीती अगदी रास्त आहे, पण त्यामुळेच निष्कर्ष आधी हवा. तो पंधराव्या पानावर असेल तर पुढचे न वाचणाऱ्याला निष्कर्षच मिळत नाही. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी ९ ऑगस्ट १९४० रोजी, म्हणजे युद्ध ऐन भरात असताना, आपल्या मंत्रिमंडळाला एक टिपण पाठवले. कामासाठी ढीगभर कागद वाचावे लागतात आणि त्यांतले बहुतेक फार लांब असतात, अशी त्यांची तक्रार होती. मुख्य मुद्दे छोट्या, नेटक्या परिच्छेदांत मांडावेत आणि तपशीलवार विश्लेषण किंवा गुंतागुंतीची आकडेवारी परिशिष्टात टाकावी, असे त्यांनी त्यात सांगितले. ज्याच्याकडे वेळ कमी आणि निर्णयाची जबाबदारी मोठी, त्याला उद्धटपणा कशात वाटतो ते यावरून दिसते.

उलट बाजूचे उदाहरण वाचताना अंगावर येते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया या अंतराळयानाच्या उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज घेऊन तो स्लाइडांच्या रूपात नासापुढे मांडला. त्यांतल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. आधीच्या चाचण्यांतला फोमचा तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्ष आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा, म्हणजे चाचणीतला अनुभव येथे लागू पडेलच असे नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुर्घटनेचे कारण ती स्लाइड नव्हती. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तिच्यावर स्वतंत्र मजकूर लिहिला आणि अशा मांडणीतून वरिष्ठांना धोक्याचे गांभीर्य कळणे कठीण होते असे नोंदवले. त्या स्लाइडवर 'लक्षणीय' या अर्थाचा इंग्रजी शब्द वेगवेगळ्या रूपांत पाच वेळा आला होता, हेही लक्षात ठेवा. पुढच्या पत्रात तो पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडची पद्धत मोडण्याची गरज नाही. पार्श्वभूमीपासून निष्कर्षापर्यंतचा क्रम तसाच ठेवा आणि त्याच्या आधी एक पान जोडा, ज्यावर कोणता प्रश्न होता, काय आढळले, काय करावे आणि कधीपर्यंत, एवढेच असेल. वीस पानांच्या अहवालाला एक पान पुरते. ते सर्वांत शेवटी लिहा, आणि ज्याने अहवाल वाचलेला नाही अशा सहकाऱ्याला वाचायला देऊन 'आता काय करायचे?' एवढेच विचारा. त्याचे उत्तर आपल्या शिफारशीशी जुळले नाही, तर ते पान पुन्हा लिहा.

प्रश्न : मी प्रकल्प-अहवाल लिहितो. माझी भाषा बोजड आहे असे वाचणारे म्हणतात, आणि सोपे लिहिले की 'ही अहवालाची भाषा नव्हे' असा शेरा मिळतो. नमुन्यादाखल एक वाक्य पाठवतो : 'सदर प्रशिक्षण कार्यक्रमाच्या अंमलबजावणीच्या अनुषंगाने लाभार्थ्यांच्या उपस्थितीबाबत आढावा घेण्यात आला असता उपस्थितीमध्ये लक्षणीय प्रमाणात घट झाल्याचे निदर्शनास आले असून त्याबाबत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.' यात नेमके काय चुकते?

उत्तर : व्याकरण तर काहीच चुकत नाही. तरीही हे वाक्य वाचून मी तीन प्रश्न विचारले आणि एकाचेही उत्तर मला मिळाले नाही. घट किती? आढावा कोणी घेतला? कार्यवाही कोणती? वाक्य पंचवीसेक शब्दांचे आणि माहिती शून्य, असा हा व्यवहार आहे. 'लक्षणीय' हा शब्द बहुतेक वेळा जेथे आकडा हवा तेथे बसलेला असतो, आणि 'आवश्यक ती कार्यवाही' हे शब्द जेथे अजून काहीच ठरलेले नसते तेथे.

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाचणाऱ्याला तोवरचे सारे ओझे डोक्यावर घेऊन चालावे लागते. त्यात 'असता' आणि 'असून' यांची साखळी जोडत गेलो की ते उतरवायला जागाच मिळत नाही. लांब वाक्याला माझा विरोध नाही (हे सदर वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहेच). पण लांबी विचाराच्या ओघाने यावी, पूर्णविरामाच्या भीतीने नव्हे. आपले प्रत्येक 'असून' म्हणजे चुकवलेला एक पूर्णविराम आहे. मी ते असे लिहीन. आकडे माझे, केवळ उदाहरणापुरते :

'प्रशिक्षणाला पहिल्या आठवड्यात ४० जण उपस्थित होते. सहाव्या आठवड्यात त्यांच्यापैकी २३ जण आले. उरलेल्या १७ जणांना प्रकल्प समन्वयक या महिन्याअखेर भेटून कारणे विचारतील.'

'करण्यात आले' ही रचना मात्र सरसकट टाकून देऊ नका. तिच्याविरुद्ध हल्ली जी मोहीम चालते ती मला अतिरेकी वाटते. 'नमुने चोवीस तास थंड जागी ठेवण्यात आले' या वाक्यात कोणी ठेवले याला महत्त्व नाही. नमुन्यांचे काय झाले ते कळले की पुरे. पण जेथे उद्या कोणीतरी 'हे कोणी ठरवले?' असे विचारणार आहे, तेथे कर्ता लिहिलाच पाहिजे. 'मुदतवाढ देण्यात आली' या वाक्यातून देणारा नाहीसा झाला, तर तो अहवालाचा दोष आहे. 'अनुषंगाने', 'बाबत', 'संदर्भात', 'सदर' हे शब्द एकेक करून झाकून पाहा. ज्यांच्यावाचून अर्थ बदलत नाही ते काढून टाका.

प्रश्न : मी निवृत्त आहे. तीस वर्षे दर महिन्याला अहवाल लिहिले. 'रायटर्स ब्लॉक' (म्हणजे लेखणी अडणे) हे नव्या पिढीचे आळसाला दिलेले गोंडस नाव आहे, असे माझे मत आहे. आपण त्याला उगीच खतपाणी घालता.

उत्तर : नाव नवे नाही. त्याचे श्रेय सहसा एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाला दिले जाते, ज्याने १९४०च्या दशकात ते वापरात आणले. त्याची मीमांसा थेट बाळपणातल्या अतृप्तीपर्यंत जाते आणि ती मलाही पटत नाही, त्यामुळे तेवढ्यापुरते आपण एका बाजूला आहोत.

पुढे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी लिहू न शकणाऱ्या प्राध्यापकांचा बराच काळ अभ्यास केला. स्फूर्ती आली की लिहू असे म्हणून थांबलेल्यांपेक्षा, ठरलेल्या वेळी सक्तीने लिहायला बसवलेल्यांचे लेखन कितीतरी अधिक झाले, आणि त्यांना नव्या कल्पनाही अधिक सुचल्या, असे त्यांना आढळले. तीस वर्षे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला आपण अहवाल दिलात; म्हणजे नकळत आपण याच उपायावर होता. आपली लेखणी अडली नाही याचे कारण आपण आळशी नव्हता एवढेच नसावे. तारीख ठरलेली होती, वाचणारा ठरलेला होता आणि मागच्या महिन्याचा अहवाल नमुना म्हणून समोर होता. पहिल्या पत्रातल्या अभियंत्याकडे यांपैकी एकच गोष्ट आहे, तो ठरलेला वाचणारा, आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटते.

आपल्याकडे जुन्या अहवालांच्या प्रती असतील, तर सर्वांत पहिल्या वर्षाचा एखादा काढून वाचून पाहा आणि तो लिहायला किती दिवस लागले होते, ते आठवत असेल तर जरूर कळवा.